वाचनालयाच्या भिंतीवरच्या अकरा फुल्या

केतकीला वाटलं होतं, बोरपाणीत उतरताच चुना मळायच्या घाणीचा आवाज कानावर येईल. बैल गोल गोल फिरत असतील. पांढऱ्या मिशांचे गवंडी भिंतीला कान लावून तिचं वय सांगत असतील. सहा वर्षं ती सातासमुद्रापलीकडे जुन्या इमारती कशा जपायच्या ते शिकत होती. तिथे ती वर्गात सगळ्यांना ठणकावून सांगायची, "खरं ज्ञान पुस्तकात नाही. ते आमच्या गावच्या गवंड्याच्या बोटांत आहे."

बोरपाणीत घाणी नव्हती. बैल होते, ते एसटीच्या थांब्यात सावलीला बसले होते. गवंडी एकच होता. त्याचं नाव गेनू, आणि तो भोळा होता.

किती भोळा? गावात त्याला काम सांगण्याआधी लोक घोटभर पाणी पीत आणि नीट विचार करून बोलत. एकदा एका म्हाताऱ्याने खाटेवर पडल्या पडल्या त्याला सांगितलं, "गेनू, माझ्या परसाला चारी बाजूंनी भिंत घाल." गेनूने घातली. ओळंब्याला सरळ, पुरुषभर उंच. दाराचं कुणी बोललं नव्हतं. म्हाताऱ्याला शिडी लावून बाहेर काढावं लागलं.

पण हात असा, की त्याने फिरवलेल्या थापीनंतर भिंत आरशासारखी दिसावी.

केतकीला एवढं पुरे होतं. तिला गावचं वाचनालय वाचवायचं होतं. दगडाची इमारत, बाहेरून चुन्याचा गिलावा. गावाने आपल्या हातांनी बांधलेली. सरपंच रंगराव मोहिते यांना ती पाडून तिथे दुकानाचे गाळे काढायचे होते. त्यांनी अर्ज केला होता, "इमारतीचा गिलावा सुटला असून ती मोडकळीस आली आहे." सोमवारी तालुक्याचे अभियंतासाहेब भिंत बघायला येणार होते. अर्ध्याहून जास्त गिलावा खराब निघाला तर इमारत जाणार. थोडा निघाला तर दुरुस्तीवर भागणार. म्हणजे खराब कुठला आणि चांगला कुठला, एवढं ओळखायचं, खराब तेवढा काढायचा, चांगल्याला धक्का लावायचा नाही.

गुरुवारी केतकीने गेनूला भिंतीपुढे उभं केलं.

"गेनूदादा, ही भिंत आपल्याशी बोलते. बोटाच्या पेराने वाजवून बघायची. आवाज पोकळ आला तर गिलावा दगडापासून सुटलाय. तो फोडायचा. कळलं?"

"पोकळ वाजलं की फोडायचं," गेनू म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

"मी चुना आणायला तालुक्याला जाऊन येते. तोवर जाता-येता सराव करा."

गेनू सराव करायला निघाला. वाटेत हौसाबाई कुंभारणीचं घर. अंगणात उन्हात मडकी मांडलेली. गेनूने एक वाजवलं. पोकळ. फोडलं. दुसरं वाजवलं. तेही पोकळ. फोडलं. सातव्या मडक्याला हौसाबाई घरातून धावत आली आणि तिने त्याचं मनगट धरलं.

"मुडद्या, काय चालवलंयस हे?"

"सगळी पोकळ निघाली, मावशी. एकही धड नाही. कशी विकतेस लोकांना?"

"अरे, मडकं पोकळच असतं! पाणी काय तुझ्या डोक्यात भरायचं?" हौसाबाईने त्याच्या टाळक्यावर वाजवलं. "नीट ऐक. वाजवल्यावर घुमतं ते पक्कं. घुमत नाही ते तडकलेलं. ते फेकायचं. शिरलं का आत?"

"घुमत नाही ते फेकायचं. ध्यानात ठेवलं."

शुक्रवारी सकाळी तो वाचनालयाला गेला. भिंत वाजवली. एका ठिकाणी छान घुमली. गेनूने मान डोलावली. पक्की आहे. पुढे वाजवली. टक् झालं, घुमली नाही. हातोडी घातली.

केतकी चुन्याच्या गोण्या घेऊन आली, तेव्हा घोंगडं अंथरता येईल एवढा गिलावा जमिनीवर पडला होता. उत्तम गिलावा. इतका घट्ट, की गेनूला घाम फुटला होता.

"गेनूदादा! चांगला होता तो!"

"तडकलेला होता, ताई. घुमत नव्हता."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"हौसामावशीनं. तिचं बोलणं फार पक्कं असतं."

केतकीने डोळे मिटले, उघडले आणि एक पडलेला तुकडा छातीशी धरून ती म्हणाली, "जाऊ द्या. चूक माझी आहे. आता कान बाजूला ठेवा, डोळे वापरा. केसासारखी बारीक चीर दिसली तर सोडून द्या, ती काही करत नाही. पण जिच्यात रुपयाचं नाणं उभं आत जातं, ती चीर वाईट. तिच्यातून पाणी आत शिरतं. अशी चीर दिसली की चुन्याने बुजवून टाका. वाट बघायची नाही." तिने पर्समधून एक रुपया काढून त्याच्या हातावर ठेवला.

"रुपया जातो ती बुजवायची," गेनू म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

पाडलेली जागा त्याने त्याच संध्याकाळी नव्या चुन्याने भरून पहिल्यासारखी केली. शनिवारी तो घमेलंभर चुना आणि रुपया घेऊन निघाला. प्रत्येक भिंतीपुढे थांबला. रुपया कुठेच जाईना. गावातल्या भिंती चांगल्या आहेत म्हणून त्याला बरं वाटलं. शेवटी मारुतीच्या देवळात त्याला एक चीर सापडली. सरळ, आडवी, बोटभर लांबीची. रुपया लावला. सळकन आत. खण्ण आवाजही आला.

"बाप रे," गेनू म्हणाला. "फार आतपर्यंत गेलीय."

त्याने ती चीर चुन्याने बुजवली. वरून थापी फिरवली. हात इतका सफाईचा, की दानपेटीला तोंड होतं हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

थोड्या वेळाने सरपंच रंगराव आले. ते शनिवारी दर्शन चुकवत नसत. नमस्कार केला, खिशातून नाणं काढलं आणि पेटीवर इकडून तिकडे फिरवत बसले.

"गेन्या, पेटीचं तोंड कुठंय रे?"

"बुजवलं, सरपंच. रुपया जात होता."

"रुपया जायलाच तोंड असतं, लेका!"

"पाणी आत शिरलं असतं."

"देवाच्या पेटीत पाणी कोण ओततंय?" रंगराव ओरडले. मग हळूच हसले. "ही त्या ताईंची शिकवण का? उत्तम. सोमवारी मी स्वतः साहेबांना जीपमधून घेऊन येतो. तुमची कारागिरी त्यांना दाखवू. मग नारळ फोडू, गाळ्यांचा."

हे केतकीच्या कानावर गेलं. ती धावत आली. आधी तिने छिन्नीने दानपेटी मोकळी केली. मग गेनूला घेऊन ती पायरीवर बसली.

"रुपया आतच राहिला, ताई," गेनू म्हणाला. "आता दुसरा द्यावा लागेल."

"दुसरा नको. गेनूदादा, आता तुम्ही काहीच ठरवायचं नाही. काय खराब, काय चांगलं, ते मी बघते. उद्या मी भिंतीवर खुणा करते. सोमवारी उजाडताच तुम्ही निघायचं. जिथे फुली दिसेल, तिथला गिलावा पाडायचा. फुली नसेल तिथे बोट लावायचं नाही. एवढं जमेल ना?"

"फुली दिसली की पाडायचा. ध्यानात ठेवलं."

केतकीने रविवारचा दिवसभर भिंत वाजवली. हातभर पुढे सरकायची, वाजवायची, तळहात फिरवायची, हाताला पीठ लागतंय का बघायची, पोट आलेल्या जागा दाबून बघायची. उन्हाने तिचं नाक सोललं. संध्याकाळपर्यंत भिंतीवर कोळशाच्या अकरा फुल्या झाल्या. फक्त अकरा. बाकी सगळी भिंत दगडाला घट्ट धरून उभी होती. केतकीला इतका आनंद झाला की तिने भिंतीची माफी मागितली, सगळ्या गावाच्या वतीने.

सोमवारी तिला शेजारच्या गावच्या शाळेत मुलांसमोर चुन्याविषयी दोन शब्द बोलायचे होते. ती अडीच तास बोलली. परतीची एसटी चुकली.

त्याच सकाळी आरोग्यकेंद्राच्या सुलभाताई घरोघर फिरत होत्या. रविवारी पोलिओचे थेंब पाजून झाले होते. कुणाचं मूल राहिलं असेल तर त्या घराच्या भिंतीवर त्या खडूने फुली काढत. म्हणजे पुन्हा यायची आठवण राहते. बोरपाणीत एकच मूल राहिलं होतं. सरपंचांचा नातू. तो आजोळी गेला होता, संध्याकाळी परतणार होता. सुलभाताईंनी सरपंचांच्या गुलाबी बंगल्यावर, दाराशेजारी, एक ठसठशीत फुली काढली आणि त्या पुढे गेल्या.

मागून वाचनालयाकडे निघालेला गेनू आला.

रंगराव साहेबांना आणायला गेले होते. सूनबाई माहेरी, मुलाला आणायला. घरात कुणी नव्हतं. गेनूने फुलीवर हातोडी मारली. बंगल्याचा गिलावा सिमेंटचा, दोन वर्षांचा. पहिल्याच घावाला पापडासारखा थर सुटला. फुली एका जागी होती, पण तिथला गिलावा शेजारच्याला घेऊन पडला आणि शेजारचा त्याच्या शेजारच्याला. गेनूचा इलाज नव्हता. दुपारी चारपर्यंत बंगला दर्शनी बाजूने उघडा झाला.

साडेचारला जीप आली.

रंगराव उतरले आणि तसेच दार धरून उभे राहिले. अभियंतासाहेब मात्र सरळ भिंतीपाशी गेले. ते जरा कमी बोलणारे, चष्मा कपाळावर ठेवणारे गृहस्थ होते. त्यांनी खालचा एक तुकडा उचलला, दोन बोटांनी चुरला, त्याची वाळू झाली.

"रंगराव, गिलाव्यावर पाणी मारलं होतं का?"

"टंचाई होती साहेब त्या वर्षी."

"भिंत आतून ओलीने हिरवी झालीय बघा. बरं झालं पाडलात. नाहीतर एखाद्या दिवशी नातवाच्या डोक्यात पडला असता." ते गेनूकडे वळले. "तुम्ही कसं ओळखलंत?"

"फुली होती," गेनू म्हणाला.

साहेबांनी आदराने मान हलवली. मग ते वाचनालयाकडे गेले. केतकी तिथे आधीच येऊन उभी होती, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घट्ट धरून. अकरापैकी एकाही फुलीला हात लागलेला नव्हता. साहेबांनी फुल्यांवर वाजवलं. फुल्यांच्या मध्ये वाजवलं.

"खुणा बरोबर आहेत," ते म्हणाले. "बाकी भिंत तुमच्या-माझ्यापेक्षा धडधाकट आहे. मी आज इथेच मुक्काम करतो. उद्या बाराला निघेन. त्याआधी ही अकरा ठिकाणं मोकळी झालेली दिसली, आणि चांगल्या गिलाव्याचा टवका उडालेला नसला, तर दुरुस्तीवर सही करतो. नाही झालं तर मात्र रंगरावांचा अर्ज माझ्या पिशवीत आहे."

केतकीला त्या चष्म्याला मिठी मारावीशी वाटली. ती गेनूला एवढंच म्हणाली, "उद्या सकाळी, गेनूदादा. लवकर." आणि आनंदात घरी गेली.

तेवढ्यात सरपंचांच्या दारात गलका झाला. सूनबाई नातवाला घेऊन आली होती. सुलभाताई थेंब घेऊन आल्या होत्या. आणि रंगराव आता गेनूवर तुटून पडले होते. गेनू बिचारा मध्ये उभा.

"अरे वेड्या," सुलभाताई म्हणाल्या, "फुली म्हणजे पाडापाडी नव्हे. फुली म्हणजे थेंब द्यायचे राहिलेत! हे बघ." त्यांनी नातवाच्या तोंडात दोन थेंब टाकले. नातवाने भोकाड पसरलं. "दोन थेंब दिले की फुली पुसायची आणि तिथे इंग्रजी पी काढायचा. झालं काम. आता तरी डोक्यात गेलं?"

"दोन थेंब द्यायचे, फुली पुसायची," गेनू म्हणाला. "ध्यानात ठेवलं."

मंगळवारी आठ वाजता केतकी वाचनालयापाशी आली. गेनू तिच्याआधी पोचला होता. भिंत झाडलेली. खाली टवका नाही. भिंतीवर फुली नाही. अकरातली एकही नाही. पांढरी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वच्छ पुसलेली. गेनूच्या एका हातात ओलं फडकं होतं, दुसऱ्या हातात चुन्याच्या निवळीची वाटी.

"गेनूदादा," केतकी अगदी हळू आवाजात म्हणाली, "फुल्या कुठे गेल्या?"

"पुसल्या. आधी दोन-दोन थेंब दिले सगळ्यांना. पी मला काढता येत नाही, म्हणून तेवढा राहिला."

"पण कुठे होत्या, काही आठवतंय?"

"पुसल्यावर कशा आठवतील, ताई?" गेनूने वाटी खाली ठेवली आणि समाधानाने भिंतीकडे पाहिलं. "पण फार गुणाच्या होत्या हां. सरपंचांच्या नातवासारखी एकीनंही रडारड केली नाही."

बारा वाजता साहेब आले, तेव्हा अकराही जागा मोकळ्या होत्या, कडा सुरीने कापल्यासारख्या, आणि सही झाली. पण ते नंतरचं. सकाळी आठ वाजता, त्या कोऱ्या भिंतीपुढे उभं राहून केतकीने दोन गोष्टी ठरवल्या. भिंत पुन्हा पहिल्या टोकापासून आपणच वाजवायची, आणि जिथे पोकळ लागेल तिथे गेनूचा हात धरून हातोडी टेकवायची.

आणि बारा वाजेपर्यंत त्याला एकही शब्द सांगायचा नाही.