वानराचे दोर आणि लांडग्यांचे राज्य

नदीकाठच्या एका दाट रानात एक वानर राहत असे. वेलींचे दोर वळण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. एके दिवशी नदीपलीकडच्या दरीतून लांडग्यांचा सेनापती त्याच्याकडे आला. लांडग्यांनी ती दरी बळजबरीने बळकावली होती आणि तिथे ब्र काढणाऱ्याची धडगत नसे, हे सर्वांना ठाऊक होते. वानरालाही होते. पण सेनापतीने लागतील तितके दोर मागितले, मोबदल्यात हवा तेवढा मध देऊ केला, आणि वानर हरखून गेला. ओढली की आणखी आवळणारी गाठ कशी मारायची, तेही तो दरीत जाऊन शिकवून आला.

एका सकाळी दरीतली एक हरिणी धापा टाकत नदी पोहून आली. तिच्या मानेवर दोराचा लालभडक वळ होता. चरायला मोकळे रान मागितले, एवढ्यासाठी लांडग्यांनी तिचा कळप बांधून घातला होता. दगडावर दोर घासून ती एकटीच कशीबशी निसटली होती. वानर म्हणाला, "मी फक्त दोर वळतो. लांडगे त्यांचे काय करतात, त्याच्याशी माझा संबंध नाही."

"वानरदादा," हरिणी म्हणाली, "ती गाठ आम्हांला सुटत नाही. ती त्यांना कोणी शिकवली?"

हरिणीची हकिगत रानभर पसरली. रानाची सभा भरली. त्याने सर्वांना मध देऊ केला, पण त्या मधाला कोणी शिवले नाही. म्हातारी हत्तीण म्हणाली, "तुला सगळे ठाऊक होते. आता ज्यांना तुझ्या दोरांनी बांधले, त्यांना सोडवून आण. तोवर या रानातली एक वेलही तुला मिळणार नाही."

लांडगे शिकारीला गेल्याचे पाहून वानर हरिणीबरोबर दरीत शिरला. त्याची बोटे भराभर चालू लागली. एकेक हरीण मोकळे होऊन नदीकडे धावत सुटले. इतक्यात लांडग्यांची आरोळी घुमली! एक पाडस अजून बांधलेलेच होते. वानराला झाडावर उडी मारून सहज निसटता आले असते. पण तो जागचा हलला नाही. शेवटची गाठ सुटली, त्याच क्षणी सेनापतीने झेप घेतली. पाडसाला छातीशी धरून वानराने नदीत उडी टाकली, पण त्याच्या शेपटीचा शेंडा सेनापतीच्या जबड्यातच राहिला.

अलीकडच्या काठावर एकच जल्लोष झाला. वानराला मात्र मान वर करवेना. "दरीत अजून पुष्कळ जण बांधलेले आहेत," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिकडे निघाला.

तात्पर्य : जुलमी सत्तेला जाणूनबुजून साधने पुरवणारा तिच्या जुलमाचा वाटेकरी होतो, 'मी तर फक्त व्यापार केला' असे म्हणून त्याची सुटका होत नाही.