वडिलांना विचारण्याचा वसा

ऐका नागवेलीच्या आई, तुमची कहाणी. पाटाकाठी एक आटपाट गाव होतं. तिथं रखमाजी माळी राहत होता. त्याचा पानमळा होता. शेवरीच्या झाडांवर चढवलेल्या वेली, खाली गारवा, वर उन्हाची जाळी. घरात थोरला लेक सखोबा, धाकटा बाळोजी, आणि नवरा वारल्यावर माहेरी परतलेली लेक म्हाळसा. सुना दोन. धाकटीचं नाव येसू.

येसूला विचारल्यावाचून चैन पडत नसे. वेल उन्हाला का भिते? कोवळं पान तिखट का नाही? घरची माणसं म्हणत, "पुरे गं बाई तुझं!" तरी ती विचारायचीच.

एके दिवशी ती पाण्याला गेली. बघते तो शेजारच्या सटवाजीचा मळा वाळून गेलेला. मग तिनं तिथल्या गड्याला विचारलं, "अरे, पाट तर भरून वाहतोय. मग वेली कशानं वाळल्या?"

गडी म्हणाला, "वैनी, मालक अंथरुणाला खिळले, त्यांची वाचा गेली. थोरला म्हणतो, पाटातून मळ्यात पाणी घ्यायचं दार मी उघडीन. धाकटा म्हणतो, मी. दोघंही दाराशी काठ्या घेऊन बसले. पाणी बाहेरच राहिलं."

"मालकांच्या मनात काय होतं?"

"ते कुणी विचारलंच नाही."

येसू घरी आली. तिला वाटलं, मामंजींच्या मनात काय आहे, ते आपल्या घरी कुणी विचारलंय का? मग तिनं नवऱ्याला विचारलं. बाळोजी म्हणाला, "अभद्र बोलू नकोस." मग जावेला विचारलं. जाऊ म्हणाली, "सासऱ्याचं मरण चिंततेस होय?" मग नणंदेला विचारलं. म्हाळसा तोंड फिरवून पानं पुसत राहिली. येसूला ते तोंड फिरवणंच फार लागलं.

मग ती मळ्याच्या कडेला नागवेलीच्या आईच्या ठाण्याशी जाऊन बसली. तिथं एक म्हातारी आली. "बाई बाई, पान दे." येसूनं पान दिलं. "बाई बाई, चुना दे." चुना दिला. "बाई बाई, कात दे." कात दिला. म्हातारीनं विडा खाल्ला, ओठ लाल झाले. म्हणाली, "कसल्या विचारात आहेस?" येसूनं सगळं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "तुला एक वसा सांगते. घेशील तर मध्येच सोडू नकोस."

"आई, तो वसा कधी घ्यावा? त्याला काय करावं?"

"घरातलं वडील माणूस शुद्धीत असताना घ्यावा, आजारपणाची वाट पाहू नये. त्याला तेल लावून न्हाऊ घालावं, आवडीचं जेवू घालावं, हाती विडा द्यावा. मग पायाशी बसून विचारावं: तुमच्या जिवाला काय हवं? तुम्हाला बोलवेनासं झालं तर तुमच्या वतीनं कोणी बोलावं? तुमच्या माघारी काय कुणाचं व्हावं? विचारून गप्प राहावं. आपला शब्द त्यांच्या तोंडी घालू नये. मग चार भली माणसं बोलवावी, त्यांच्यासमोर वडिलांनी पुन्हा सांगावं, कागदावर उतरवावं. साक्षीला बसेल त्यानं त्यातलं काही घेऊ नये."

इतकं सांगून म्हातारी वेलींत शिरली, ती दिसेनाशी झाली.

येसूनं वसा घेतला. पहिल्या खेपेला रखमाजीनं विडा परत केला. दुसऱ्या खेपेला विडा घेतला, पण म्हणाला, "औंदा पान चांगलं आहे," नि उठून गेला. तिसऱ्या खेपेला बसला. तिच्याकडे टक लावून म्हणाला, "पोरी, खरं सांग. तुला काय हवंय?"

"मामंजी, मला कळायला हवंय. सटवाजींचा मळा पाहिल्यापासून डोळ्याला डोळा नाही."

मग रखमाजी सावकाश बोलू लागला. "मला शहरात हलवू नका. पाटाचं पाणी ऐकू येईल तिथं खाट टाका. मला बोलवेनासं झालं तर म्हाळसानं बोलावं. मला काय गिळतं, काय गिळत नाही, ते तिलाच ठाऊक. विहिरीकडची खोली नि तिथल्या वेली तिच्या. बाकीचा मळा दोघा लेकांचा, निम्मा निम्मा. पण पाण्याचं दार..."

तो थांबला. 'दार यांच्या हाती द्या,' असं येसूच्या अगदी जिभेवर आलं. तिनं ओठ मिटले.

"...दार थोरल्याच्या हाती. बाळोजी तापट आहे."

मग चार माणसं आली, रखमाजीनं त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं, कागद झाला, साक्षी झाल्या. बाळोजी घरी येऊन आदळआपट करू लागला. "विचारायला गेलीस, नि माझंच घालवून आलीस!" येसूला ते खरंच वाटलं. रडली, जेवली नाही. पण मामंजींना शब्द फिरवायला सांगितलं नाही.

पुढं उन्हाळा लागला. रखमाजी मळ्यात कोसळला, त्याची वाचा गेली. सखोबा म्हणाला, "शहरात नेऊ." बाळोजी काठी उचलून म्हणाला, "दार मी उघडीन." मग म्हाळसा उभी राहिली. आजवर तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. म्हणाली, "आबा इथंच राहतील. खाट पाटाशी टाका. दादा, दार उघड. आबांनी सांगितलंय, चौघांनी ऐकलंय." मग सखोबानं दार उघडलं, आणि पाणी पहिल्यांदा धाकट्याच्या वाफ्यांकडे सोडलं. बाळोजीनं मान खाली घातली. काठी टाकली, खाटेचा पाय उचलला.

रखमाजी पाण्याचा आवाज ऐकत निजे. म्हाळसा पेज भरवी, लेक आळीपाळीनं त्याची कूस बदलीत. पावसाळ्याच्या तोंडी त्यानं लेकरांच्या हातात डोळे मिटले. मळा हिरवा राहिला, घर एक राहिलं.

दिवसपाणी झालं. बाळोजी येसूजवळ येऊन बसला. म्हणाला, "सगळ्यांना विचारत आलीस. तुला काय हवं, ते मी कधी विचारलं नाही. सांग."

येसूला हसू आलं, डोळे भरले. म्हणाली, "थांबा, मला विचार करू द्या." आणि बाळोजी थांबला.

जशी नागवेलीची आई येसूला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. वडिलांचं मन वडिलांच्या तोंडून कळो, भावाभावांत पाणी वाहतं राहो. लांब उत्तरांची ही कहाणी थोडक्या उत्तरी सुफळ झाली, संपूर्ण झाली.