तिपट्टीचा तिसरा पट्टा

समुद्राच्या तळाशी पोवळ्यांची बाग. बागेत राहायची तिपट्टी. एवढीशी मासोळी. रंग नारिंगी. अंगावर पांढरे पट्टे. एक, दोन, तीन!

तिचं घर म्हणजे समुद्रफूल. फुलामाई. तिचे हात मऊ मऊ. पण परक्याला लागले, की चट्! बसला चटका.

एकदा बुडबुडा फुटला. फट्ट!
तिपट्टी दचकली. चिखलात घुसली. शेपटीजवळ चिखल बसला.
घरी आली. सुळुक सुळुक.

फुलामाईनं मोजलं. "एक, दोन. छे! तू तर दुपट्टी!"
"नाही गं माई! मीच ती!"
"तिसरा पट्टा दाखव. मग आत ये."

तिपट्टी गोल फिरली. पट्टा दिसेना.
आणि लांबून येत होता गोबरा. केवढा मोठा मासा! केवढं मोठं तोंड!
धुकधुक, धुकधुक.

तिपट्टी गेली माशांना पुसून देणाऱ्या कोळंबीकडे. सुळुक सुळुक.
"कोळंबीताई, कोळंबीताई!
पट्टा दिसेना,
माई घेईना,
गोबरा आला तर?"
"पुसते की! पण दारात काटेगोळा बसलाय. आधी त्याला सरकव."
धुकधुक, धुकधुक.

तिपट्टी गेली काटेगोळ्याकडे. सुळुक सुळुक.
"काटेदादा, काटेदादा!
कोळंबी पुसेना,
पट्टा दिसेना,
माई घेईना,
गोबरा आला तर?"
"सरकतो की! पण खेकड्यानं माझा काटा धरलाय. आधी त्याला सोडायला सांग."
धुकधुक, धुकधुक.

तिपट्टी गेली खेकड्याकडे. सुळुक सुळुक.
"खेकडेमामा, खेकडेमामा!
काटेगोळा सरकेना,
कोळंबी पुसेना,
पट्टा दिसेना,
माई घेईना,
गोबरा आला तर?"
"कोण, दचकूबाई? सोडतो की! पण लाट ढकलतेय. सोडलं तर मी जाईन वाहून! आधी तिला थांबव."
धुकधुक, धुकधुक.

तिपट्टी गेली लाटेकडे. हळूच म्हणाली,
"लाटबाई, लाटबाई!
खेकडा सोडेना,
काटेगोळा सरकेना,
कोळंबी पुसेना,
पट्टा दिसेना,
माई घेईना,
गोबरा आला तर?"
"काऽय? ऐकू येईना! मोठ्यानं बोल!"

मोठ्यानं? आणि गोबऱ्यानं ऐकलं तर?
धुकधुक, धुकधुक, धुकधुक!
तिपट्टीनं गाल फुगवले.
"थांऽऽऽब!"

गोबऱ्यानं ऐकलं. गर्रकन वळला. आला, आला!

लाट थांबली.
खेकड्यानं काटा सोडला.
काटेगोळा सरकला.
कोळंबी बाहेर आली. पुस पुस पुस! चिखल गेला.

तिपट्टी सुटली. सुळुक सुळुक सुळुक!
गोबरा मागे.
"माई, मोज! लवकर मोज!"
"एक…"
गोबरा जवळ आला.
"दोन…"
गोबऱ्यानं तोंड उघडलं.
"तीन! अगं, ही तर माझी तिपट्टी! ये, ये!"

गोबऱ्याच्या तोंडातून बुडबुडा निघाला. फट्ट!
तिपट्टी दचकली. उडाली ती थेट फुलात!
गोबऱ्याचं नाक फुलाला लागलं. चट्!
"आई आई गं!" गोबरा पळाला.

"माई, मला दुपट्टी म्हणालीस ना?"
"चुकलंच गं माझं. पण दचकूबाई, ओरडलीस केवढ्यानं!"
तिपट्टी हसली. माईनं मऊ हात मिटले.
धुकधुक… धुक… धु…

तिपट्टी शिरली फुलात,
गोष्ट शिरली कुशीत.