भिंतीला चिकटलेली राजकन्या

ऐका. ही गोष्ट अगदी खरी, गळ्याशपथ! मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय. म्हणजे तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण पाहिलीय. गौतमी, हसू नकोस. पाय पांघरुणात घे.

तर एक होता राजा, भित्रसेन नावाचा. त्याची एकुलती एक लेक मंजुळा. राजाला सारखी धास्ती. उन्हात गेली तर करपेल, वाऱ्यात गेली तर उडेल, मातीत खेळली तर मातीच होईल! मग त्याने काय केलं? महालाच्या सगळ्या खिडक्या बुजवल्या आणि भिंतींवर अख्खं जग रंगवून घेतलं. नदी, डोंगर, झाडं, गाईबैल. बैल वीतभर, बरं का. मंजुळेला वाटायचं, बैल वीतभरच असतो.

पंतोजी छडीने भिंत दाखवायचे. "या निळ्या रेघा म्हणजे पाऊस. म्हणा!" मंजुळा म्हणायची. पोहायलासुद्धा ती पाटावर पालथी पडून शिकली. पंतोजी खूश, राजा त्याहून खूश.

मग काय झालं, मंजुळेची सावलीच पडेना. कोणाच्या लक्षात आलं नाही. मग तिला भूक लागेना. भिंतीवरच्या लाडवाकडे बघितलं की झालं पोट गच्च. आणि मग एका सकाळी ती भिंतीला टेकली, आणि... अरे देवा! टेकली ती चिकटलीच! पाठ गेली, पाय गेले, बघता बघता पोरगी चपटी झाली. चित्र! नुसते डोळे हलतायत.

राजाची बोबडी वळली. पंतोजी मात्र म्हणाले, "महाराज, अभिनंदन! विद्या अंगात भिनली."

"विद्या कसली? अहो, माझी पोर भिंतीत भिनली!" राणी कडाडली.

वैद्याने नाडी बघायला हात लावला, तर त्याच्या बोटांना रंग! तो हादरलाच. "राणीसाहेब, दिवस मावळेपर्यंत डोळेही थांबतील. मग ही कायमची चित्र."

राणीने पदर खोचला. "कापा ती भिंत. काढा बाहेर."

"बाहेर?" राजा किंचाळला. "ऊन लागेल तिला!"

"चित्राला कसलं ऊन लागतंय? व्हा बाजूला!"

मग भिंत कापली, बैलगाडीवर चढवली. राणीला वाटलं, उजेडात तरी काही सुचेल. पण पहिल्याच ओढ्यात चाक रुतलं, गाडी कलंडली आणि भिंत धप्पकन चिखलात! राजाने डोळे गच्च मिटले.

चिखल थंडगार, गिळगिळीत. तो चित्रातल्या पायाला लागला मात्र, अंगठा वळवळला! मग घोटा आला, मग अख्खा पाय. सगळे आ वासून बघतायत. मग त्या पायावर चढला एक मुंगळा, आणि असा कडकडून चावला! "आई गं!" मंजुळेचा आवाज! राजा दचकून बैलाच्या गळ्यातच पडला. मग राणीने काठावरच्या झाडाची हिरवी चिंच तोडली आणि लेकीच्या ओठांना लावली. मंजुळेने तोंड असं वेडंवाकडं केलं, असं केलं, की ते भिंतीत मावेचना. आलं बाहेर! आणि पाठोपाठ सगळी मंजुळा, गरगरीत, चिखलाने माखलेली.

तिने बैल बघितला आणि ती मटकन खालीच बसली. "बाबा, केवढा हो हा! आणि याला वासपण येतो?"

मग राजाने त्याच दिवशी महालाच्या खिडक्या फोडल्या. पंतोजींची शाळा ओढ्याकाठी भरायला लागली, आणि सगळी मंडळी मजेत, चिखलात राहिली.

आता खरं सांगतो. यात एकच गोष्ट मी पदरची घातलीय. चिकटणं खरं, मुंगळा खरा, चिंच तर खरीच. पण राजाने खिडक्या फोडल्या, ते खोटं. तो घरी जाऊन चितारी बोलावणार होता, ओढ्याचं चित्र काढायला! मंजुळाच गाडीत बसली नाही. जी पळाली, ती थेट चिंचेच्या शेंड्यावर. मग काय, राजालाच चढायला शिकावं लागलं.

मिटा डोळे. दिवा घालवतो.