कमरेइतक्या वाफ्यातलं झुडूप

तानीच्या आईला वाकता येत नव्हतं. शिमग्याच्या दिवसांत ती देवळाच्या पायऱ्यांवरून घसरली आणि तिची पाठ जी धरली ती धरलीच. गावातले सगळे गजरे तिच्या हातचे असत. आता फुलं खुडायला वाकता येईना, म्हणून ती दाराशी बसून नुसती आपल्या बोटांकडे पाही.

म्हणून तानीनं जांभ्याचे पडके चिरे एकेक करून आणले आणि घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून कमरेइतका उंच वाफा रचला. भिंतीला धरून आई तेवढंच चालू शके. शेजारच्या भागीकाकूंनी हसून विचारलं, म्हशीसाठी गव्हाण बांधतेस का? तानी माती आणायला वळली. वाफा मातीनं भरला, पण त्यात लावायला झुडूप नव्हतं. आई एकदाच, हळूच म्हणाली होती, "मोगरा लाव गं."

रोप शोधत तानी वेळूच्या बेटापलीकडे गेली, तर तिथे एक बाग लखलखत होती. पानापानांवर दवाचे इवले इवले हिरे होते. निळ्या-जांभळ्या पाकोळ्या भिरभिरत होत्या. सोनचाफ्याखाली एक बोटभर उंचीची परी उभी होती. तिचे झिरझिरीत पंख हलले की सात रंग सांडत.

परीनं तानीची सगळी हकिकत ऐकली आणि ती म्हणाली, इथलं एक झुडूप घे. पण त्याला अटी होत्या. निवड एकदाच करायची. भिंत, ऊन, सावली यांतलं काहीही बदलून मिळणार नाही. झुडपाचं पहिलं फूल आईच्या हातात द्यायचं. तिनं ते बाजूला ठेवलं, तर झुडूप नाहीसं होईल. आणि यातलं काही आईला सांगायचं नाही.

तानी एकेक झुडूप न्याहाळू लागली. सोनचाफा मोठा होऊन चिरे फोडील. गुलाबाचे काटे आईच्या बोटांत जातील. कण्हेरीचा चीक तर विषारी. मग तिला मोगरा दिसला. त्याच्या चिमुकल्या कळ्या चांदण्यांसारख्या चमचमत होत्या. तिचा हात पुढे गेला आणि तिथेच थांबला. गेले आठ दिवस ती वाफ्याकडे बघत होती. तिथे सकाळी थोडं ऊन येई, मग दिवसभर सावली. देवळामागच्या सावलीतल्या मोगऱ्याला नुसती पानंच येत, हेही तिनं पाहिलं होतं.

जवळच सावलीत एक गुडघाभर झुडूप होतं. त्याला नाजूक केशरी-गुलाबी फुलं आली होती. अबोली. तिला वास नव्हता.

"आईनं मोगरा सांगितला ना?" परीनं विचारलं.

"हो. पण तो तिथे फुलायचा नाही. ती रोज येईल आणि रिकाम्या हातानं परत जाईल."

"आणि तिला अबोली नको असली तर?"

तानीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तर माझ्यावर रागवू दे," ती म्हणाली आणि तिनं अबोली उचलली.

तिनं झुडूप वाफ्यात लावलं. झुडपाबरोबर आलेली परी पानाआड बसली. आई भिंत धरत धरत आली. तानीनं झुडपावरचं पहिलं फूल खुडून तिच्या हातात ठेवलं. आईनं ते नाकाशी नेलं.

"हा मोगरा नाही."

"नाही, आई."

फूल तिच्या बोटांत सैल धरलेलं होतं. मग आईनं भिंतीकडे पाहिलं, वर वळचणीकडे पाहिलं.

"इथे ऊन किती वेळ असतं?"

"सकाळी. थोडंसंच."

"मग मोगरा झुरला असता गं इथे. मी बसल्या जागेवरून मागितलं. तू बघून आणलंस."

आणि तिनं ते फूल आपल्या केसांत खोवलं.

त्याच क्षणी पानाआड सोनेरी उजेड फुटला. तो फांदीफांदीवरून धावला आणि जिथे जिथे टेकला तिथे तिथे अबोलीचा तुरा उमलला. उजेड विरला तेव्हा परी नव्हती. झुडूप मात्र फुलांनी गच्च भरलं होतं.

आईनं हात पुढे केला. वाकावं लागलं नाही. एक फूल, दुसरं, तिसरं. बघता बघता ओंजळ भरली.

"तानी," ती म्हणाली, "दोरा आण."