‘नाही’ म्हणण्याची ऐपत

एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध परिचारिका राहत असत. त्यांचे नाव एस्तेरबाई. मिशनच्या दवाखान्यातून त्या मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, म्हणून निवृत्त झाल्या, त्याला बरीच वर्षे लोटली होती. पुढे तो दवाखानाही बंद पडला. पण गाव त्यांना अजून नुसते ‘बाई’ म्हणूनच ओळखत असे. संध्याकाळी ओट्यावर बसून त्या गल्लीतल्या मुलींना जखमेवर पट्टी बांधायला, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला न दुखवता कुशीवर वळवायला शिकवीत. त्या मुलींमध्ये सुगंधा सर्वांत तरबेज. तिच्या वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान होते, आई शिवणकाम करी. मुलीने नर्स व्हावे, हे दोघांचेही स्वप्न.

बारावीचा निकाल लागला आणि सुगंधा पतसंस्थेचे कागद घेऊन बाईंकडे आली. जिल्ह्याच्या गावी एक नवे नर्सिंग कॉलेज निघाले होते. इमारत सगळी काचेची, आणि शिक्षणाचा खर्च साडेचार लाख.

“बाई, कर्जाला जामीन लागतो. तुमची सही हवी. कॉलेजवाले म्हणतात, पास झाल्या झाल्या तीस हजारांची नोकरी. कर्ज बघता बघता फिटेल.”

“कॉलेजवाले म्हणतात होय?” बाईंनी चष्मा पदराला पुसला. “बरं, करते सही. पण आधी माझं एक काम कर. आठवडाभर रोज जिल्ह्याच्या गावी जा. ड्यूटी बदलायच्या वेळी एखाद्या खासगी हॉस्पिटलच्या फाटकाशी उभी राहा. मी थर्मास भरून चहा देते. बाहेर पडणाऱ्या नर्सना तो पाज.”

“आणि पगार विचारू?”

“काही म्हणजे काही विचारायचं नाही. चहा द्यायचा आणि ऐकायचं.”

सुगंधाला हे कोडे उलगडेना. प्रवेशाची मुदत संपत आलेली. “शिकायचं सोडून चहा वाटत फिरणार का?” असे म्हणून वडील चिडले. पण बाईंचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. ती गेली.

पहिल्या दिवशी कुणी थांबलेच नाही. दुसऱ्या दिवशी दोघीतिघी थांबल्या. पुढे त्या स्वतःहूनच तिला शोधू लागल्या. दिवसभर उभे राहून पाय भरून आलेले, कुणीतरी आयता चहा हातात देते आहे, माणूस बोलतोच. एक उंच मुलगी रोज कठड्यावर बसून आधी बूट काढी. एकदा ती आपणहून म्हणाली, “चौदा हजार हातात येतात. त्यातले साडेनऊ हप्त्याला जातात. कमावती झाले, तरी खोलीभाड्याला घरून पैसे मागवते मी.”

मग तिने आवाज खाली आणला. “परवा सगळ्या वॉर्डला मी एकटी होते. एक आजोबा कॉटवरून पडले. वरून निरोप आला, पडल्याचं लिहू नकोस, झोपले होते असं लिही.”

सुगंधाच्या हातातला थर्मास तसाच राहिला. काही विचारायचे नाही, हे ती विसरली. “मग?”

“लिहिलं,” ती मुलगी कपाकडे बघत म्हणाली. “नोकरी गेली तर हप्ता कोण भरणार?”

संध्याकाळी सुगंधाने हे सारे बाईंना सांगितले. बाई जणू दूरचे काही दिसावे तशा बोलू लागल्या.

“आमच्या वेळी शिकणाऱ्या मुलीला दवाखानाच जेवू घालायचा. सकाळी प्रार्थना, मग सुया-पिचकाऱ्या उकळायच्या. सगळ्या व्हरांड्यात फिनेलचा वास. गणवेशाला खळ अशी कडक की बसताना कापड वाजायचं. हातखर्चाला चार पैसेही मिळायचे. तिथं एकदा एका मोठ्या डॉक्टरांनी औषधाचं प्रमाण चुकीचं सांगितलं. मी म्हटलं, मी देणार नाही. मी काही फार शूर नव्हते गं. मी कुणाचं देणं लागत नव्हते, एवढंच. दुसऱ्या दिवशी घरी धाडलं असतं, तर घरी भाकरी होती.”

“आता तसं कुठं राहिलंय, बाई?”

“नाही राहिलं. आता शिकायला कर्ज काढावं लागतं, त्यात पाप नाही. पण ते किती काढावं, हे फी सांगत नाही, हातात पडणारा पगार सांगतो. आणि तो पगार विकणाऱ्याला विचारायचा नसतो, राबणाऱ्याकडून ऐकायचा असतो. हप्ता भरून, भाडं देऊन, दोन महिने नोकरीशिवाय तग धरता येईल, तेवढंच कर्ज आपलं. रोग्याच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या बाईला वेळप्रसंगी ‘नाही’ म्हणण्याची ऐपत हवी.”

सरकारी रुग्णालयात सहायक परिचारिकेचा दोन वर्षांचा वर्ग होता. फी थोडकी. बाईंनी तो सुचवला. “पण बाई, त्याला मोठा दर्जा नाही,” सुगंधा पुटपुटली.

“सुई टोचून घेणाऱ्याला हात कळतो, दर्जा नाही. पुढचं शिक्षण नोकरी करता करता घे.” आणि बाईंनी त्या लहान कर्जाला आनंदाने सही केली.

वर्गमैत्रिणी काचेच्या इमारतीत गेल्या, तेव्हा सुगंधा एकटीच रडली. त्यांपैकी एकीचे पुढे उत्तम चालले, हेही खरे. सुगंधाचे कर्ज मात्र नोकरीच्या दुसऱ्या वर्षीच फिटले. त्यानंतर काही काळाने, ती जिथे होती त्या हॉस्पिटलच्या व्यवस्थापकाने तिला दोन वॉर्ड एकटीने सांभाळायला सांगितले. तिने आधी समजावून पाहिले, मग विनवले. तो ऐकेना.

“माणसं मरतील, साहेब. मी हे करणार नाही,” ती म्हणाली आणि दुपारीच बॅग भरून बाहेर पडली.

एसटी स्टँडच्या बाकावर बसल्यावर घडलेले कुणाला तरी सांगावेसे तिला फार वाटले. पण एस्तेरबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. समोर गाड्या येत होत्या, जात होत्या. पुढची नोकरी कुठली, हे तिला ठाऊक नव्हते. तरी कुणाचा हप्ता बाकी नव्हता, दोन महिने पुरतील एवढे पैसे गाठीला होते. तिला खूप भूक लागली होती. तिने डबा उघडला आणि सावकाश, पोटभर जेवली.