मागच्या तारखेचा नियम

कोल्हापुरातल्या एका छापखान्यात नऊ जण मोबाइलवर फुटबॉलचे संघ निवडून खेळत. निवडलेल्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यात गोल केले, की संघाला गुण मिळत. मॅनेजर इंगवले स्वतःच अध्यक्ष होऊन बसले होते. त्यांना फुटबॉल फारसा कळत नसे, दंड मात्र भारी कळे. कुणी पुढे गेलं, की ते नवा नियम काढून त्याचे गुण कापत.

स्पर्धेच्या शेवटच्या आठवड्यात प्रूफं तपासणाऱ्या शकिला मुल्लाणी पहिल्या आल्या आणि इंगवले दुसरे. सोमवारी इंगवल्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "शनिवारी संघ बदलला, तर तीस गुण दंड. मुल्लाणीबाई, तुम्ही बदललाय."

शकिलाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर सामने बघून त्यांनी तो संघ बांधला होता.

"साहेब, शनिवारी हा नियम नव्हता."

"आज केला. इथं नियम मागच्या तारखेपासून लागू होतो."

"आम्ही बहुमतानं केलेलाही?"

"होय की!" इंगवले ऐटीत म्हणाले.

"मग माझा ठराव ऐका. अध्यक्ष बदलायचा, स्पर्धा सुरू झाल्या दिवसापासून."

आठ हात वर गेले. कधी अध्यक्षच नसलेल्या माणसानं लावलेले सगळे दंड रद्द झाले. ज्याचे त्याला गुण परत मिळाले, तेव्हा इंगवले सातवे निघाले.